सेकंडहँड पुश-बटन गाडीची चावी कितपत सुरक्षित असते?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही निपाणीजवळ राहता, गोवा पासिंगची पुश-बटन स्टार्टची सेकंडहँड गाडी घ्यायचं चाललंय, आणि एका व्हिडिओत दोन चोर घराबाहेर अँटेना धरून काच न फोडता गाडी घेऊन जाताना दिसले. हे आपल्याकडं होऊ शकतं का, आणि चावीची काळजी कशी घ्यायची? मी बेळगावात गाड्यांच्या वायरिंगचं आणि चाव्यांचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओतला प्रकार खरा आहे, त्याकडं येतोच. पण गाडी सेकंडहँड आहे म्हटल्यावर मी आधी दुसरंच विचारीन: ही गाडी चालू करू शकणाऱ्या चाव्या एकूण किती, आणि त्या आज कुणाकुणाकडं आहेत?

खानापूर भागातले एकजण अशीच गोव्याहून गाडी घेऊन आले होते. एनओसी, इन्शुरन्स, कर्नाटकात भरायचा टॅक्स, सगळं चोख. चावी मात्र एकच. दुसरी हरवली असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. स्कॅनर लावून बघितलं तर गाडीच्या मेमरीत तीन चाव्या नोंदलेल्या. म्हणजे दोन कुठंतरी आहेत. हरवल्याही असतील, मधल्या एजंटाच्या ड्रॉवरमध्येही पडल्या असतील. अशी चावी ज्याच्याकडं आहे त्याला अँटेना लागत नाही आणि कोड फोडावा लागत नाही. तो दार उघडून बसतो, बटण दाबतो आणि जातो. गाडीच्या लेखी तोच मालक.

यावर उपाय आहे आणि तो व्यवहार पूर्ण झाल्या दिवशीच करून घ्या. इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, मेमरीतल्या सगळ्या चाव्या पुसायच्या आणि तुमच्या हातात आहेत तेवढ्याच परत नोंदवायच्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हे होतं. काम होताना स्वतः उभे राहा, आणि शेवटी किती चाव्या नोंदल्या गेल्या तो आकडा स्क्रीनवर बघून घ्या. पुसलेल्या चावीनं इंजिन चालू होत नाही. तिच्यातलं लोखंडी पातं मात्र दाराच्या कुलपात अजूनही फिरतं, म्हणून गाडीत लॅपटॉप, पैसे ठेवायची सवय असेल तर दाराचं कुलूपही बदलावं. एकच चावी मिळत असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून कापून घ्या. हा मुद्दा इन्शुरन्सलाही लागतो: गाडी चोरीला गेली तर कंपनी मूळ चाव्या जमा करायला सांगते, आणि एकच दाखवलीत की क्लेम अडतो.

नवी चावी नोंदवायची ही जी सोय आहे, तीच चोरांचंही हत्यार आहे. स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो, म्हणजे मेकॅनिक स्कॅनर जोडतो ती खाच. काच फोडून आत शिरायचं, तिथं टॅबलेटसारखं उपकरण लावायचं आणि कोरी चावी नोंदवून घ्यायची. बऱ्याच गाड्यांत हे काही मिनिटांत उरकतं. दिल्लीकडं पकडलेल्या टोळ्यांजवळ अशी उपकरणं सापडल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पोर्टवर बसवायचं लोखंडी कुलूप मिळतं. ते बसवा असं मी प्रत्येक पुश-बटनवाल्याला सांगतो.

आता तुमचा व्हिडिओ. पुश-बटन गाडीचं हँडल धरलं की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चावीला हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटर जाते. चावी खिशातून ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते आणि दार उघडतं. गाडी धरून चालते की उत्तर आलं म्हणजे चावी जवळच आहे. चोर हाच समज वापरतात. एकजण गाडीजवळ उभा राहून तिची हाक पकडतो, दुसरा घराच्या भिंतीशी अँटेना धरून ती आतल्या चावीपर्यंत पोचवतो. चावी इमानदारीनं उत्तर देते, ते उत्तर गाडीपर्यंत येतं. यात कोड कुणी फोडतच नाही, त्यामुळं कोड कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून बघितलं. दहाही उघडल्या आणि चालू झाल्या. आणि एकदा चालू झालेलं इंजिन चावी लांब गेली म्हणून बंद पडत नाही. चालत्या गाडीत तसं झालं तर अपघात होईल, म्हणून ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. गाडी फक्त इशारा देते. चोर ती बंद न करता कितीही लांब नेऊ शकतो.

आपल्याकडच्या घरांचा विचार करा. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं, चावी दाराशेजारच्या खिळ्याला किंवा देवळीत, आणि गाडी दारातच. निपाणीच्या पेठेतही तेच. व्हिडिओतल्या बंगल्याच्या मानानं इथं चोराचं काम सोपंच आहे. चावी रस्त्याकडच्या भिंतीपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा. सिग्नल अडवणारा पाऊच घ्या, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाही चालतो. पण दोन्ही तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका: चावी आत घालून गाडीला खेटून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर तो पाऊच कामाचा नाही. घडीवर वापरून वापरून आतलं अस्तर फाटतं, तेव्हा ही तपासणी अधूनमधून करत राहा. दुसरी चावीही पाऊचमध्येच हवी. कपाटात ठेवलेली स्पेअर चावी लोक हमखास विसरतात. काही गाड्यांत चावीचा हा आपोआप उत्तर द्यायचा भाग बंद करता येतो, काहींच्या चाव्या थोडा वेळ हालचाल झाली नाही की झोपी जातात. गाडीचं पुस्तक मागून घ्या आणि तेवढं पान नक्की वाचा. अलीकडच्या काही महागड्या गाड्यांत यूडब्ल्यूबी तंत्र आलंय, त्यात सिग्नलला यायला लागलेल्या वेळावरून चावीचं खरं अंतर मोजतात. या चोरीवर खरा तोडगा तोच, पण सेकंडहँड बाजारातल्या आपल्या बजेटच्या गाडीत तो मिळायचा नाही.

बटण दाबून उघडायच्या साध्या रिमोटचा धोका वेगळा. त्यात दर दाबाला कोड बदलतो, म्हणून नुसता रेकॉर्ड करून परत वाजवला तर चालत नाही. तरी २०१६ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की फोक्सवॅगन समूहाच्या १९९५ पासूनच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट मोजक्याच मास्टर कोडवर उभे होते, आणि एक दाब ऐकून रिमोटची नक्कल होत होती. यानं दार उघडतं. इंजिन चालू करायला चावीतली वेगळी चिप लागते, म्हणून अशा गाडीतून सामान जातं, गाडी सहसा जात नाही. मला जास्त चिंता वाटते ती बाहेरून बसवलेल्या स्वस्त सेंट्रल लॉकची. त्यातल्या कित्येकांत कोड बदलतच नाही. एकदा पकडला की कायमचा गेला. तुमच्या गाडीला असलं काही जोडलेलं असेल तर काढून टाका.

गर्दीच्या ठिकाणचा प्रकार त्याहून साधा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराखाली यात्रेच्या दिवसांत किंवा एखाद्या मंगल कार्यालयासमोर गाड्या दाटीनं लागतात. तिथं कुणी जॅमर, म्हणजे रिमोटचा सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, चालू ठेवला तर तुम्ही चालता चालता मागं न बघता दाबलेलं लॉक गाडीपर्यंत पोचतच नाही. इंडिकेटर लुकलुकला का बघा, हँडल ओढून खात्री करा, मग पुढं जा. जॅमर बेकायदा आहे, तरी हाताच्या तळव्याएवढं ते यंत्र खिशात कुणाच्या दिसणार!

स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा आजही घ्यावा असं माझं ठाम मत आहे. रेडिओच्या सगळ्या युक्त्या त्याच्यापुढं थांबतात आणि चोराला कापत बसावं लागतं. त्याच्या जोडीला एक जीपीएस ट्रॅकर लपवून बसवा, आणि तो ओबीडी पोर्टला जोडायचा नको, कारण चोर पहिलं तिथंच बघतो.

आपण तीन राज्यांच्या सांध्यावर राहतो, म्हणून ट्रॅकरवर मी एवढा जोर देतो. बेळगावातून निघालेली गाडी थोड्याच वेळात शिनोळीला महाराष्ट्रात असते, चोर्ला घाटातून गोव्यात उतरते, आणि तुमच्या निपाणीहून तर कोगनोळी नाका ओलांडला की झालं. गाडी दिसली नाही की आधी ११२ ला फोन करा, मग नातेवाइकांना. गाडी कोल्हापुरात चोरीला गेली आणि तुम्ही निपाणीत असाल तर 'आमची हद्द नाही' हे ऐकून परत फिरू नका. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. आपल्या ठाण्यांत फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्याआधी ती वाचून दाखवायला आणि अर्थ सांगायला सांगा. वाचून दाखवणं कायद्यातच आहे, आणि प्रतही फुकट मिळते. गाडी काच न फोडता गेली असेल आणि सगळ्या चाव्या तुमच्याजवळ असतील, तर हे दोन्ही मुद्दे त्या फिर्यादीत स्पष्ट लिहून घ्या. चावी गाडीतच राहिली होती का, ही शंका इन्शुरन्सवाले सगळ्यात आधी काढतात.