एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटचं जुनं फोटो-पोस्टकार्ड: साल कसं ठरवायचं

पोस्टाच्या शिक्क्यावर विसंबू नका. कार्ड कधी टाकलं तेवढंच तो सांगतो. अशी कार्डं छापणारी स्कॉटलंडमधल्या डंडीची व्हॅलेंटाइन कंपनी जुनीच दृश्यं वर्षानुवर्षं छापत राहायची. कोपऱ्यात 'जे. व्ही.' आणि आकडा दिसतोय का पाहा. तो दृश्याचा नोंदणी क्रमांक. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडच्या संग्रहाशी जुळवला की फोटो कोणत्या सालानंतरचा नाही, एवढं तरी कळतं. 'जी. डब्ल्यू. डब्ल्यू.' असेल तर ते अ‍ॅबर्डीनचे छायाचित्रकार विल्सन, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह तिथल्याच विद्यापीठात आहेत.

मग भिंग घ्या आणि थेट चित्रातल्या रस्त्यावर उतरा. 1922 पर्यंत इथल्या ट्रॅम जमिनीखालच्या केबलने ओढल्या जात, मग डोक्यावरच्या विजेच्या तारा आल्या. दोन रुळांच्या मधोमध तिसरी बारीक रेघ दिसते ती केबलची खाच. खाच आहे, वर तारा नाहीत, तर फोटो बहुधा 1922 च्या आधीचा. 'बहुधा' अशासाठी, की काळ्यापांढऱ्या फोटोला रंग देताना तारा खुशाल पुसल्या जात. रंगीत कार्डावर तारांपेक्षा खाचेवर भरवसा ठेवा.

मागच्या बाजूला मजकूर आणि पत्ता यांमध्ये उभी रेघ असेल तर कार्ड 1902 किंवा नंतरचं. कार्डाचं हं, फोटोचं नव्हे.

स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके), टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइल प्रकार), आणि दोन्ही बाजू. पाठ सोडली की निम्मा पुरावा गेला. कॉन्ट्रास्ट वाढवायचा तो प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. दुकानांच्या पाट्या वाचल्यात तर त्या काळच्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्यांत, म्हणजे दुकानं-रहिवाशांच्या पत्त्यांच्या याद्यांत, शोधा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या फुकट वाचायला ठेवल्यात.