सोया इंकमध्ये छापलेला कागद खरंच सहज रिसायकल होतो का? दिवाळी अंकासाठी प्रेसवाला त्याचे जास्त पैसे मागतोय, द्यावेत का?

शाईचं नंतर बघू, आधी कव्हरला लॅमिनेशन, म्हणजे वरून प्लास्टिकचा पातळ थर, आहे का ते विचारा. असेल तर सोया इंकचा विषय तिथेच संपला, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी रद्दीपासून कागद बनवणाऱ्या मिलमध्ये डीइंकिंगला, म्हणजे रद्दीतली शाई काढायच्या खात्यात, वर्षानुवर्षं काम केलंय आणि आमचे मेहुणे ऑफसेट प्रेसवाले, त्यामुळे घरात लग्न असो की बारसं, पंगत उठली की हाच वाद. त्यांचं एकच पालुपद, "अहो दाजी, तेल सोयाबीनचं आहे, पाण्यात टाकलं की शाई सुटणारच ना." सुटणारच म्हणे! रद्दीचा लगदा करणारा पल्पर बघितलाय का कधी?

एकदा आमच्या परचेसवाल्याने कुठल्याशा कंपनीच्या जुन्या कॅटलॉगचा अख्खा ट्रक उचलला. मागच्या पानावर हिरवं पान, खाली लिहिलेलं, सोया इंकमध्ये मुद्रित. तो खूश, म्हणे यात केमिकलपण कमी लागेल. मी नेहमीचाच डोस ठेवला, कॉस्टिक, सिलिकेट, पेरॉक्साइड, साबण, पंचेचाळीस-पन्नास डिग्रीचं पाणी. लगदा लांबून बरा दिसत होता, पण मुठीत पिळून उजेडात धरला तर आत निळे-लाल ठिपके, बोटांनी चुरडले तरी न फुटणारे, नखाने एकेक उचलता येतील एवढे. फ्लोटेशनचा, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडून शाई वर काढतात त्या टाकीचा, फेस एरवी काळाकुट्ट येतो तो नुसता राखाडी येत होता, म्हणजे शाई वर यायचं सोडून लगद्याबरोबर पुढे चाललेली. लॅबने त्या लगद्याची हँडशीट, म्हणजे नमुन्याचा कागद, काढली आणि गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवली, मशीनवाले मात्र गुपचूप बसणारे नव्हते, त्यांनी फोनवर जे काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी सगळा माल पांढऱ्या कागदाच्या लाइनवरून काढून ग्रे बोर्डला, म्हणजे राखाडी पुठ्ठ्याला, द्यावा लागला.

शाई सोयाची असेलही हो, पण वरून यूव्ही कोटिंग मारलेलं. ते दिव्याखाली क्षणात कडक होतं, नंतर कॉस्टिकलाही दाद देत नाही, आणि खालची शाई घेऊन तुकड्या-तुकड्याने तुटतं. फ्लोटेशनमध्ये शाईचा कण हवेच्या बुडबुड्याला चिकटून वर जातो आणि फेस काढून टाकतात, त्यासाठी कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. मोठा तुकडा बुडबुड्याला पेलत नाही, फार बारीक कण त्याला सापडत नाही. पाण्याची फ्लेक्सो शाई (मऊ रबरी प्लेटच्या छपाईतली) याच कारणाने आमच्या डोक्याला ताप, नाव पर्यावरणाचं आणि कण इतका बारीक की फेसात येतच नाही, सगळा लगदा मळकट करून ठेवतो.

मेहुण्यांना हे सांगितलं तर म्हणाले, कोटिंगचं पाप शाईच्या माथी कशाला? बरं, कोटिंग सोडा. तुमच्या किचनमध्ये तेलाच्या डब्याला बाहेरून जो पिवळा चिकट थर बसतो, साबणाने घासून घासून हात दुखतात तरी निघत नाही, तो कशाचा असतो? वनस्पती तेलाचाच ना? हवा लागून तेल घट्ट होतं. शीटफेड, म्हणजे सुट्या कागदांवर छापणाऱ्या, ऑफसेटची शाई अशीच सुकते, आणि ते लवकर व्हावं म्हणून त्यात कोबाल्ट नाहीतर मँगनीजचा ड्रायर घालतात. जवसाचं तेल तर सोयापेक्षा पक्कं बसतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तापत पडलेले पेपर ताज्या रद्दीसारखे धुतले जात नाहीत, लगद्याचा ब्राइटनेस, म्हणजे पांढरेपणा, पडतो, युरोपातल्या मिलवालेही याच्या नावाने रडतात. तेव्हा तेल झाडाचं आहे म्हणून शाई सुटेल हे गणितच चुकीचं. शाई सुकते कशी आणि वरून काय मारलंय, सगळा खेळ त्यावर.

शिवाय सोया म्हणजे नक्की किती सोया? अमेरिकेत सोयसील हा सोया शाईचा शिक्का मिळायला पेपरच्या काळ्या शाईत ४० टक्के सोया तेल लागायचं, शीटफेडला २०, गरम हवेने सुकवायच्या हीटसेट शाईला तर फक्त ७. काळ्या शाईतला रंग, कार्बन ब्लॅक, मुख्यतः पेट्रोलियमपासूनच बनतो. आणि छापखान्यात पूर्वी जवसाच्या तेलाचीच शाई असायची, मिनरल, म्हणजे पेट्रोलियमचं, तेल नंतर आलं, तेव्हा बायो बायो करून नाचण्यासारखं काही नाही.

आता उगाच कोणी अंगावर येऊ नये म्हणून, सोया इंक वाईट असं मी म्हणत नाहीये. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईचा धसका घेऊन अमेरिकेतले पेपरवाले पर्याय शोधत होते, १९८७ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या 'द गॅझेट'ने सोया शाईत छापून बघितलं आणि ती चालली. पेपरच्या कोल्डसेट छपाईत शाई सुकत नाही, कागदात नुसती मुरते, तिथे ती बऱ्यापैकी सुटते, मान्य. दुसरं म्हणजे रद्दीपासून खोकी बनतात आणि मिनरल तेल त्यातून खाण्यात उतरतं, फ्रान्सने तसल्या शायांवर बंदी आणली ती याचसाठी, तिथे वनस्पती तेल केव्हाही बरं. म्हणून सोयाच्या पेपरात वडापाव बांधा असं नाही, खाणं पेपरात गुंडाळायला एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांत मनाई आहे, शाई कुठलीही असो.

तुमच्या अंकाला प्लास्टिक लॅमिनेशन, यूव्ही आणि फॉइल तिन्ही नको म्हणून सांगा. पानं कमी असतील तर मधोमध पिना मारून घ्या, पिना आमच्याकडे सहज निघतात, परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे पाठीला लावतात तो, गरम करून वितळवायचा हॉटमेल्ट गोंद मात्र लगद्यात चिकट गोळे करतो आणि ते मशीनच्या जाळीला बसतात. एवढं करून साधी ऑफसेट शाई वापरलीत तरी सोया इंक अधिक लॅमिनेशनपेक्षा तो अंक आम्हाला हजारपट परवडेल. प्रेसवाला म्हणेल लॅमिनेशनशिवाय कव्हर खराब होतं, आमचे मेहुणेही तेच म्हणतात. त्याला वॉटर-बेस कोटिंग मारायला सांगा, आणि लॅमिनेशनचे पैसे बिलातून वजा करून घ्यायला विसरू नका. त्यातून उरले तर खुशाल सोया इंक घ्या.