रोज मागून हॉर्न मारणाऱ्यांना कसं तोंड द्यायचं?

मी कोथरूडहून हिंजवडीला रोज दुचाकीने जातो. सिग्नलचा आकडा अजून ५ वर असतो आणि मागचा हॉर्नवर अंगठा दाबून बसलेला. तरी मी झेब्रा पट्ट्यांच्या मागेच थांबतो, कारण तेव्हाही एखाद्या आजी हात दाखवत रस्ता ओलांडत असतात. त्यांच्यापेक्षा त्याची घाई मोठी नाही!

चालत्या रस्त्यावर कोणी अगदी चिकटलं, तर डावा इंडिकेटर देऊन त्याला पुढे जाऊ द्या. मुद्दाम अडवू नका, वळून रोखूनही बघू नका. भांडणं तिथेच पेटतात. आणि हो, विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडल्यास २,००० रुपये दंड आहे.