गुडघ्यांचे व्हिडिओ आणि जागा बदलणारे मेनू

प्रश्न वाचकांचे

या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरतात. समोरचा पडदा आपल्याला ओळखू लागला आहे, पण त्याने बांधलेले अंदाज आपल्याला लागू पडत नाहीत आणि ते खोडून काढण्याची सोय कुठे आहे हेही दिसत नाही, असे वाचक लिहितात. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात, म्हणून मी तिच्यासाठी व्यायामाचा एक व्हिडिओ शोधला आणि नीट समजावून सांगता यावा म्हणून शेवटपर्यंत पाहिला. त्या दिवसापासून मी गाणे ऐकायला बसले तरी समोर गुडघेच येतात. वैतागून मी एकेक व्हिडिओ उघडून त्याखाली ‘मला हे नको आहे’ असे लिहिले, तर त्यांची संख्या आणखी वाढली. माझे गुडघे उत्तम आहेत. हे या यंत्राला कसे सांगावे?
(एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : आपण नकार दिलात, पण यंत्रणेने त्याची नोंद होकार म्हणून केली. शिफारस करणाऱ्या यंत्रणेला आपल्या मनातले काही कळत नाही. तिला फक्त आपल्या कृती दिसतात. कोणता व्हिडिओ उघडला, किती वेळ पाहिला, मध्येच सोडला की शेवटास नेला, त्याखाली काही लिहिले का, त्याच विषयाकडे पुन्हा वळलात का, एवढ्या खुणांवरून ती आडाखे बांधते. बहिणीसाठी पूर्ण पाहिलेला व्हिडिओ ही तिच्या लेखी पहिली पसंती, वैतागून उघडलेले पुढचे पाचदहा व्हिडिओ ही दुसरी, आणि प्रत्येकाखाली लिहिलेली टिप्पणी ही सर्वांत ठळक. कारण टिप्पणीतील शब्दांपेक्षा ती लिहिण्याइतके आपण तेथे रेंगाळलात, यालाच अधिक वजन मिळण्याचा संभव असतो.

पूर्वी हे काम निराळ्या रीतीने चालत असे. मिनेसोटा विद्यापीठ आणि एमआयटी येथील संशोधकांनी १९९४ साली यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चागटांच्या जाळ्यातील मजकुरासाठी ‘ग्रुपलेन्स’ नावाची व्यवस्था उभारली होती. तीत वाचकाने वाचलेल्या मजकुराला स्वतः १ ते ५ गुण द्यायचे आणि ज्यांचे गुण आपल्याशी जुळतात त्यांना आवडलेला मजकूर आपल्याला सुचवला जायचा. तेथे वाचक आपले मत समजून उमजून देत होता. अडचण एवढीच, की गुण देण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, पाहतात मात्र सगळेच. म्हणून पुढे पाहण्यालाच मत मानण्याची रीत पडली. यूट्यूबने २०१२ साली शिफारशींचा भर व्हिडिओ किती वेळा उघडला यावरून तो किती वेळ पाहिला गेला याकडे वळवला, आणि त्यामागचा हेतू वाईट नव्हता, कारण भडक चित्र लावून फसवणारे व्हिडिओ उघडले जात, पण लगेच बंदही केले जात. माझ्या मते खरी गोम मात्र त्यातच आहे. पाहण्याला लागलेला वेळ मोजता येतो, पाहण्यामागचे कारण मोजता येत नाही. आवड असो, काळजी असो, संताप असो की दुसऱ्यासाठी केलेला शोध असो, घड्याळ सारखेच चालते.

आता उपाय. सर्वांत आधी ते व्हिडिओ उघडणे थांबवावे, टीका करण्यासाठीसुद्धा उघडू नयेत. आपण पाहिलेल्या व्हिडिओंची यादी खात्यात साठवलेली असते. ती उघडून गुडघ्यांचे सर्व व्हिडिओ तेथून काढून टाकावेत, आणि मूळचा पहिला व्हिडिओ विसरू नये, कारण पुढची सगळी रांग त्याच्यामुळेच लागली आहे. पुन्हा असा व्हिडिओ समोर आला तर त्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवावे. तेथे ‘रस नाही’ अशा अर्थाचा पर्याय असतो आणि तो मात्र नकार म्हणूनच नोंदला जातो. यापुढे बहिणीसाठी काही शोधायचे झाल्यास तेवढ्यापुरती ही नोंद थांबवून ठेवावी. फरक पडायला थोडे दिवस लागू शकतात, कारण जुन्या खुणांचे वजन नव्या खुणा साचत जातील तसे कमी होते.

प्रश्न : मी साठी उलटल्यावर संगणक शिकलो. प्रत्येक कामाच्या पायऱ्या वहीत लिहून ठेवतो : ‘वरून तिसरे, मग उजवीकडचे दुसरे’. माझ्या नेहमीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आल्यापासून तो म्हणे माझ्या सवयी पाहून मेनूंचा क्रम बदलतो. परवा छपाईचा पर्याय शोधण्यात माझी वीस मिनिटे गेली. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तो शहाणा झालाय.’ मग मी वेडा ठरलो का?
(एक वाचक)

उत्तर : मुळीच नाही, आणि आपल्या बाजूने इतिहासही उभा आहे. मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २०००’ मध्ये नेमकी हीच कल्पना आणली होती. मेनू उघडला की नेहमीचे पर्याय तेवढे दिसत, क्वचित लागणारे दडवले जात, आणि तळाशी असलेल्या दुहेरी बाणावर टिचकी मारली किंवा क्षणभर थांबले की पूर्ण यादी उलगडत असे. कागदावर हे अगदी सोयीचे वाटते. प्रत्यक्षात हवा तो पर्याय दिसला नाही की तो मुळात नाहीच, की आहे पण लपला आहे, की आपण चुकीचा मेनू उघडला आहे, हेच माणसाला उमगत नसे. शिवाय उलगडलेल्या यादीत ओळखीच्या नावांच्या मध्ये नवी नावे घुसलेली असत, त्यामुळे डोळ्यांना प्रत्येक वेळी पहिल्यापासून वाचावे लागे. ‘ऑफिस २००७’ मध्ये मुख्य प्रोग्रॅमांतील हे मेनू गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या रिबन नावाच्या पट्टीत आज्ञांच्या जागा पुन्हा ठरलेल्या राहिल्या.

याचे कारण आपल्या वहीतच आहे. सवयीचे काम आपण वाचून करत नाही, जागेवरून करतो. अंधारात दिव्याचे बटण सापडते ते ते कालच्याच जागी असते म्हणून. आपण ते जास्त वेळा दाबतो म्हणून कोणी रात्रीतून ते हातभर जवळ आणून लावले, तर ते आणणारा कितीही सद्‌हेतूने वागला असला तरी आपला हात भिंतच चाचपडत राहील. मांडणी आपण स्वतः बदलून घेणे आणि यंत्रणेने ती आपोआप बदलणे, या दोन गोष्टी माणूस आणि संगणक यांच्यातील व्यवहाराचे अभ्यासक वेगळ्या मानतात, आणि जागेच्या बाबतीत पहिलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपोआप होणारा बदल सरसकट वाईट असतो, असे मात्र नाही. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनच्या पडद्यावरील कळफलकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. काचेवर टंकताना बोट नेमके पडत नाही, म्हणून आधीच्या अक्षरांवरून पुढे कोणते अक्षर येण्याचा संभव आहे याचा अंदाज घेऊन तो कळफलक त्या कळीची स्पर्शाची हद्द वाढवत असे, पण पडद्यावर दिसणारी कळ होती तेवढीच आणि होती तेथेच राहत असे. वापरणाऱ्याला एवढेच जाणवे, की आपल्या चुका कमी होत आहेत. आपला प्रोग्रॅम असा वागला असता, तर आपल्याला पत्र लिहावे लागले नसते.

सेटिंगमध्ये मेनूंचा क्रम कायम ठेवण्याचा पर्याय आहे का, ते मुलाकडून पाहून घ्यावे; नेहमीच्या आज्ञा एका जागी टाचून ठेवण्याची सोय पुष्कळ प्रोग्रॅमांत असते. वहीत यापुढे जागेऐवजी आज्ञेचे नाव लिहावे, म्हणजे प्रोग्रॅममधील शोधाच्या चौकटीत ते टंकता येईल. कळफलकावरचे संक्षेप तर मेनू कितीही हलले तरी सहसा तेच राहतात, आणि छपाईसाठी बहुतेक ठिकाणी कंट्रोल व पी या दोन कळा एकत्र दाबल्या की काम होते.

प्रश्न : ब्राउझरच्या खासगी विंडोत काही पाहिले, तर ते कोणालाच कळत नाही ना?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : कळू शकते. ती विंडो बंद केल्यावर पाहिलेल्या पानांची यादी आणि कुकीज, म्हणजे वेबसाइटींनी ब्राउझरजवळ ठेवलेल्या छोट्या नोंदी, त्या संगणकावर राहत नाहीत, एवढाच तिचा अर्थ आहे. इंटरनेट पुरवणारी कंपनी, महाविद्यालयाचे नेटवर्क चालवणारे लोक आणि ती वेबसाइट स्वतः यांच्यापासून आपण लपत नाही. आणि त्याच विंडोत आपल्या खात्यात लॉगिन केलेत, तर लपण्यासारखे फारसे उरतच नाही.

प्रश्न : प्रत्येक वेबसाइटवर कुकीजची पाटी येते. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण मोठे आणि रंगीत असते, नकार मात्र दोनतीन पाने आत दडलेला असतो. कंटाळून मी स्वीकारतेच. नाकारले तर वेबसाइट बंद पडेल का?
(एक गृहिणी)

उत्तर : पडू नये. कुकी कशासाठी निघाली हे पाहिले, की त्याचे कारण ध्यानात येते. ज्या पद्धतीने ब्राउझर आणि वेबसाइट एकमेकांशी बोलतात, ती मुळात विसराळू आहे; आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, की दुसऱ्या पानाच्या दृष्टीने आपण नवखे असता. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली यावर तोड काढली : वेबसाइटने ब्राउझरजवळ एक छोटी नोंद द्यायची आणि ब्राउझरने ती पुढच्या प्रत्येक भेटीत परत दाखवायची. सामान सांभाळायला देताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा हा प्रकार आहे. खरेदीची टोपली भरलेली राहते, लॉगिन टिकते, ते या बिल्ल्यामुळे.

पुढे एकाच पानावर निरनिराळ्या जाहिरात कंपन्यांचे तुकडे बसू लागले, आणि त्याही आपापले बिल्ले देऊ लागल्या. एकाच कंपनीचा तुकडा शंभर वेबसाइटींवर असेल, तर तिचा बिल्ला शंभर ठिकाणी दिसतो आणि आपण कुठून कुठे गेलात याची माळ तिच्याकडे तयार होते. पाटीतला प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी असतो. युरोपीय संघाच्या ज्या नियमांमुळे या पाट्या फोफावल्या, त्यांनुसार वेबसाइट चालण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या कुकीजना संमती लागतच नाही. तेव्हा आपण नकार दिल्यामुळे टोपली रिकामी होण्याचे कारण नाही.

नकार दडवणे हा मात्र अपघात नव्हे. वापरणाऱ्याला हवे त्याच्या उलट करायला लावणाऱ्या अशा मांडणीला हॅरी ब्रिग्नल या वेबसाइटींच्या मांडणीच्या तज्ज्ञाने २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, तो याच कारणासाठी : स्वीकारण्यास एक टिचकी पुरत होती, नाकारण्यास अनेक लागत होत्या. आपल्याला दरवेळी आत शिरून नकार द्यायचा कंटाळा येणे साहजिक आहे. त्याऐवजी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्रयस्थ कंपन्यांच्या कुकीज एकदाच बंद कराव्यात. पाट्या येत राहतील, पण त्या माळेचा मुख्य धागा तुटलेला असेल.

प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी अधू आहे. ते अक्षरे मोठी करून, पडद्यावर बोटाने ओळ धरून वाचतात. एक ऑनलाइन अर्ज त्यांनी तीनदा भरायला घेतला आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर ‘वेळ संपली’ असे येऊन सारे पुसले गेले. आता ते म्हणतात, ‘हे आमच्यासाठी नाही, तूच भर.’ त्यांना सराव कसा द्यावा?
(एक वाचक)

उत्तर : सरावाची गरज वडिलांपेक्षा तो अर्ज तयार करणाऱ्यांना अधिक आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबसाइटी सर्वांना वापरता याव्यात यासाठी १९९९ पासून मार्गदर्शक निकष प्रसिद्ध केले आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांतला निकष २.२.१ आपल्या वडिलांसाठीच लिहिला असावा असे वाटते. वेळेची मर्यादा बंद करण्याची किंवा आधीच पुरेशी वाढवून घेण्याची सोय नसेल, तर वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी, मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत, ती एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने वाढावी आणि अशी निदान १० वेळा वाढवता यावी, असे तो सांगतो. लिलावासारख्या ज्या गोष्टी त्या त्या क्षणीच घडतात त्यांना यातून सूट आहे. साध्या अर्जाला ती लागू होईल असे मला वाटत नाही. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पानावरचे काही हरवू नये, एकदा दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा विचारू नये, असेही निकष त्यात आहेत.

निकष पाळले जाईपर्यंत एवढे करता येईल. अर्जाचे कोरे पान आधी उघडून सगळे प्रश्न उतरवून घ्यावेत, वडिलांनी उत्तरे सवडीने वेगळ्या फाइलमध्ये टंकावीत आणि मग अर्ज उघडून ती एकामागून एक चिकटवावीत. म्हणजे उत्तरे त्यांचीच राहतील आणि घड्याळाशी शर्यत उरणार नाही. त्याबरोबर त्या वेबसाइटच्या चालकांना तक्रारही जरूर करावी. तीत ‘वडिलांना जमत नाही’ असे लिहू नये. कोणत्या पानावर, किती मिनिटांनी, कोणतीही सूचना न देता अर्ज पुसला गेला हे लिहावे, ‘वेळ संपली’ या पाटीचे छायाचित्र जोडावे, आणि विषयाच्या ओळीत निकष २.२.१ चा उल्लेख करावा.