तिचं सुतक कुणाला?

प्रश्न : ताई, गेल्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून जर्मनीची १७ वर्षांची मुलगी आमच्याकडे, प्रतापनगरला, वर्षभरासाठी राहायला आली. मार्चमध्ये या सगळ्या विद्यार्थ्यांची उत्तर भारतात सहल गेली. परतताना अपघात झाला. ती आणि मनीषनगरच्या एका घरी राहणारी तिची मैत्रीण, दोघी गेल्या. सहलीच्या संमतीपत्रावर घरचे म्हणून सही माझी होती. सासूबाई म्हणतात, आपल्याला सुतक नाही, आता खोली रिकामी कर. अकरावीतला मुलगा तिचं नावही काढत नाही. तिच्या आईला पत्र लिहावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडाने लिहू?
– एक आई, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही खोडली आहे, पण ती वाचता येते. ‘मी तिची कोण?’

सासूबाईंचं शास्त्र चुकलेलं नाही. सुतक भाऊबंदांना लागतं आणि दहा दिवसांनी फिटतं. तुम्ही मात्र सात महिने तिचा डबा भरलाय, तो हिशोब शास्त्रात बसत नाही. त्यांच्याशी वाद नका घालू. तिखट तर्री झेपत नाही म्हणून तिच्या पोह्यांवर दही घालणाऱ्या सासूबाईच होत्या ना? तुम्हीच लिहिलंय. येता-जाता ते दार दिसणं त्यांनाही सोसत नसेल.

आता सहीचं. तशीच एक सही तिच्या आईने जर्मनीत केली होती, लेकीला इतक्या लांब पाठवताना. तीही रात्री-बेरात्री त्याच कागदापाशी जाऊन अडत असेल. गाडी कोण चालवत होतं, प्रवास कसा आखला होता, हे तपासाचे प्रश्न आहेत. विचारलं तर माहीत आहे तेवढं सरळ सांगा. पण ‘मी सही केली नसती तर’ हे आईला लिहू नका. मुलगी गमावलेल्या बाईवर तुमची समजूत काढायची वेळ आणू नका.

पत्र जरूर लिहा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या इशिनोमाकीत २४ वर्षांची एक अमेरिकन शिक्षिका गेली. तीही देवाणघेवाण योजनेतूनच तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवत होती. तिच्या आईवडिलांनी त्या शाळांना पुस्तकं आणि ती ठेवायला कपाटं दिली. कपाटं बनवली गावातल्याच एका सुताराने. त्याची तिन्ही मुलं त्याच त्सुनामीत गेली होती आणि या मुलीने त्याच्या मुलांनाही शिकवलं होतं. लेक जिथे गेली ते गाव त्या आईवडिलांनी तोडलं नाही. तुमच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणत नाही. तिच्या आईला नागपूरचं नावही नकोसं झालं असेल, उत्तर कदाचित येणारच नाही. तरी पाठवा.

कारण सोळा-सतरा वर्षांची मुलगी तिच्या आईला पाठ आहे. ऑगस्ट ते मार्च मात्र फक्त तुमच्याकडे आहे. फोनवर मुली काय सांगतात? ‘मी बरी आहे, जेवले.’ तेवढंच! तेव्हा सांत्वनाच्या दोन ओळी पुरेत, बाकी पान तिच्या आठवणींनी भरू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत उभी राहून ती ‘घेऊन जाय गे मारबत’ ओरडली, घसा बसला, घरी येऊन हळदीचं दूध नाक धरून प्यायली. संत्रा बर्फीचा शेवटचा तुकडा कुणाकडून पळवला. तुमच्या मुलाच्या मित्रांकडून ‘काय बे’ शिकली आणि ते थेट सासूबाईंना म्हणाली. (हे वाचून मी हसले, मग बराच वेळ पुढचं वाचवेना.)

खोलीची घाई नको. तिचे कपडे धुऊ नका, उशीचा अभ्रासुद्धा. काय पाठवायचं, कसं पाठवायचं, हे कार्यक्रमाच्या समन्वयकामार्फत आईलाच विचारा. काहींना तो वास हवा असतो.

मनीषनगरच्या घरीही जा. फोन नको, जाऊन बसा. तुम्ही कशातून जाताय हे या शहरात त्यांच्याएवढं कुणालाच कळणार नाही.

मुलाला ‘बोल’ म्हणू नका, काम द्या. तिच्या खोलीतला कूलर यंदा बसवलाच नाही म्हणता, आणि बाहेर मे महिना. दोघं मिळून बसवा, नवा खस घाला आणि त्याच खोलीत बसून पत्र लिहा. तुम्ही मराठीत सांगा, तो इंग्रजीत उतरवेल. तो जेवत-झोपत नसेल किंवा जगण्यावरच रुसल्यासारखं बोलत असेल, तर मात्र थांबू नका. १४४१६ या, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

इंग्रजी पत्रासोबत तुमच्या हातचं मराठी पानही पाठवा. आणि ‘काहून’ या शब्दाचा अर्थ ‘का’, हे तेवढं समजावून लिहा. दिवसातून पन्नासदा म्हणायची म्हणता, तर फोनवर तिने तो आईलाही ऐकवला असेल.