बँडच्या तालमीचं रेकॉर्डिंग पोर्टेबल रेकॉर्डरवर फाटतं आणि घुमतं. काय करावं?

आधी ऑटो लेव्हल बंद करा. ड्रमचा ठोका पडला की ते सगळा आवाज खाली दाबतं, शांत जागी पुन्हा वर आणतं. लेव्हल हाताने लावा: सगळ्यात दणदणीत गाणं वाजवून बघा आणि मीटर -12 डीबीच्या वर फारसा जाऊ देऊ नका. 24 बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये रेकॉर्ड केलंत तर आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला मात्र सुधारत नाही.

घुमतंय ते बहुधा जागेमुळे. रेकॉर्डर टेबलावर किंवा कोपऱ्यात नको (कोपऱ्यात बास फुगतो). स्टँडवर, डोक्याच्या उंचीला, ड्रमपासून लांब, गायकाच्या स्पीकरकडे तोंड करून ठेवा. थोडं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मग फूटभर सरकवा. गायकाचा आवाज तरीही दबत असेल तर गिटारच्या अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज कमी करायला लावा. गिटारवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.