नारळ उभा राहिला, मग फुफाटा का निघाला?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव मोहोळ तालुक्यात. घरी दोन एकर डाळिंब, बाकी ज्वारी. गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी गावातल्या पाणाड्या तात्यांकडून बोअरची जागा काढून घेतली. तात्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरले आणि बांधाजवळ नारळ टचकन उभा राहिला. मी दोन हातांवरून पाहिलं. तिथे साडेतीनशे फूट बोअर मारला, नुसता फुफाटा निघाला. अण्णा म्हणतात, जागा वीतभर चुकली. आता आईचं सोनं गहाण ठेवून दुसरा बोअर घ्यायचं चाललंय, पुन्हा तात्यांनाच बोलावून. तात्या पैसे घेत नाहीत, टॉवेल-टोपी आणि तो नारळ एवढंच. आजोबांची विहीर तात्यांच्या वडिलांनीच दाखवलेली, ती १९७२च्या दुष्काळातही आटली नव्हती. मग नारळ खोटा कसं म्हणू? आणि खरा असेल तर फुफाटा का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नारळ उभा राहिला हे तू पाहिलंस आणि ते खरंच घडलं. माझ्या हातावरही तो उभा राहिलाय. तात्यांना फसवणारे समजू नकोस. त्यांच्या हातात काय घडतं, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीतल्या एका मुलाचे आजोबा पाणाडे होते, तुझ्या तात्यांसारखेच, मोबदला न घेणारे. तू विचारलेला प्रश्न त्या मुलाने भर वर्गात विचारला, तेव्हा मी आजोबांनाच शाळेत बोलावलं. मैदानात टाकीकडून बागेकडे जाणारी नळी मातीखाली पुरलेली होती. बादलीतल्या साठल्या पाण्याला नारळ दाद देत नाही, वाहतं पाणी लागतं, असं ते म्हणाले, म्हणून नळी. आधी त्यांच्यासमोर नळ सोडला. पाच वेळा धरला, पाचही वेळा नारळ उभा. ‘असाच वीस वेळा सांगेन,’ असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. मग दोन मुलं टाकीमागे बसली. दर खेपेला नाणं उडवायचं, छापा आला तर नळ सोडायचा, काटा आला तर बंद, आणि वहीत लिहायचं. ती दोघं कुणाला दिसत नव्हती, पाण्याचा आवाजही येत नव्हता. मैदानावर आम्हा कुणालाच, मलाही, नळाची स्थिती माहीत नव्हती. वीस खेपांत नऊ बरोबर आल्या. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी दहाच्या आसपास आल्या असत्या.

आजोबा बराच वेळ वही बघत राहिले. स्वतः पुन्हा मोजलं. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

जर्मनीत कासेल शहरात १९९० साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. जमिनीखाली अर्धा मीटर पुरलेला पाइप, पाणी कधी चालू, कधी बंद, आणि तीसेक पाणाडे. अटी सगळ्यांनी आधी मान्य केल्या होत्या. उत्तरं अंदाजाने ठोकल्यासारखीच आली.

मग नारळ हलतो कशाने? तात्यांच्या हातात तो कसा असतो ते आठव. गोल कवटी, आत हिंदकळणारं पाणी, खाली तळहाताचा खळगा. केसभर कल दिला की तोल जातो. कडुनिंबाची दुबेळकी फांदी धरणाऱ्यांचंही तेच. ती ताणून धरलेली असते, मनगट जरा वळलं की झटका देऊन खाली येते. हा कल हातच देतो, पण माणसाला तो आपण दिला असं जाणवत नाही. इंग्लंडमध्ये १८५३ साली लोक टेबलाभोवती हात टेकवून बसत आणि टेबल आपोआप फिरे. भुतं फिरवतात असं म्हणत. मायकेल फॅरडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून ठेवले. वरचा थर आधी सरकला होता, म्हणजे ढकलत होते हातच. मग त्याने ही हालचाल दाखवणारा काडीचा काटा बसणाऱ्यांच्या समोर ठेवला, आणि टेबल फिरायचं थांबलं. बसलेली माणसं प्रामाणिक होती. आपला हात हलतोय हे दिसल्यावर तो हलायचा राहिला, इतकंच.

तात्या तर जन्मभर त्याच शिवारात वावरलेत. कुठे गवत उशिरा वाळतं, ओढा पूर्वी कुठून जायचा, शेजाऱ्याची विहीर कुठल्या अंगाला आहे, हे त्यांच्या डोळ्यांत बसलंय. त्यांचा अंदाज कधी कधी लागतो तो याच ज्ञानामुळे, असं मला मनापासून वाटतं. ते श्रेय आपण नारळाला देतो, हा तात्यांवरच अन्याय आहे.

आता आजोबांची विहीर. आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. वीस-पंचवीस फूट रुंद विहीर खणली की कुठली तरी भेग सापडायची शक्यता बरीच. साडेसहा इंची बोअर त्याच भेगेला हातभर अंतराने चुकवून खाली जातो. शिवाय त्या काळात जमिनीखालचं पाणी उपसणारे बोअर आजच्याएवढे नव्हते. समजा एखाद्या शिवारात कुठेही दहा बोअर मारले तर सहांना थोडंफार पाणी लागतं. तिथे डोळे मिटून दगड फेकणाऱ्यालाही दहात सहा यश येईल. आणि लोक सांगतात ती सहाचीच गोष्ट. चार कोरडे बोअर झाकण ठोकून विसरले जातात, किंवा ‘जागा वीतभर चुकली’ होते. अण्णांना भांडण न करता एवढंच विचार : बोअर कोरडा गेला तरी नारळ चुकला असं म्हणायचं नसेल, तर काय झाल्यावर म्हणायचं? हे बोअरच्या आधी ठरवून घ्या, नंतर नको.

तात्या पैसे घेत नाहीत म्हणून नुकसान नाही, असं मात्र समजू नकोस. बोअरच्या गाडीचं बिल येतंच, आणि ते आईच्या सोन्यातून जाणार आहे. आपोआप वळणारी अशीच कांडी यंत्र म्हणून विकायला निघाली की काय होतं तेही सांगते. बिजागरीवर फिरणारी एक अँटेना, आत चालणारं काहीही नाही, असं यंत्र बॉम्ब शोधक म्हणून इराकमध्ये तपासणी नाक्यांवर वापरलं गेलं. ते हातात धरणारे शिपाई प्रामाणिकच होते, कांडी त्यांच्याही हातात वळायची. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला लंडनच्या न्यायालयाने २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा दिली. पण तोवर त्या नाक्यांवर विसंबून किती माणसं रस्त्याने गेली असतील, हा विचार आला की मला झोप लागत नाही.

सोनं गहाण टाकण्याआधी सोलापुरातल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात अण्णांना घेऊन जा. जमिनीत सळया ठोकून वीज सोडतात आणि किती अडथळा येतो ते मोजतात; ओला, झिजलेला खडक वीज सहज जाऊ देतो, कोरडा घट्ट पाषाण अडवतो. हेही चुकतं, हे अण्णांना आधीच सांग, नाहीतर पहिल्या अपयशाला ते पुन्हा नारळाकडे वळतील. आणि तू विज्ञान शिकतेस, तर एक वही कर. आसपासच्या सगळ्या विहिरी-बोअर, खोली, पाणी किती फुटांवर, कुणी जागा दाखवली. कोरडे आधी लिही. तात्यांना सोबत घेऊन फिर. त्यांच्याइतके कोरडे बोअर गावात दुसऱ्या कुणाला आठवणार नाहीत.

प्रश्न : तुम्ही पाणाड्यांना थोतांड म्हणता, पण वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत पाण्यावर अख्खा अध्याय लिहिला आहे. तेही थोतांड का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : तो अध्याय, दकार्गल, मी आवडीने वाचला आहे, आणि त्यात हातात नारळ घेऊन फिरायला सांगितलेलं नाही. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागेल, अशा खुणा आहेत. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. झाड कुठलं, दिशा कुठली, खोली किती, पाणी कसं, सगळं आधी सांगून टाकलंय. चूक निघाली तर ती उघड दिसेल, आणि सहाव्या शतकातल्या माणसाने एवढी हिंमत केली याचा मला फार आदर वाटतो. यातली प्रत्येक खूण बरोबर आहे असं मात्र मी म्हणणार नाही, खणून पाहिल्याशिवाय. तुमच्या भागात जांभळाशेजारी वारूळ आणि जवळ विहीर अशी जागा असेल तर अंतर, दिशा, खोली मोजून मला कळवा. विहीर कोरडी असली तरी कळवा.